वाटसरूसाठीं ठेवलेलें पुस्तक

(घरीं, शाळेंत व मंडळीच्या सभेंत वाचून चर्चा करण्याकरितां अभ्यासपाठ)

उन्हाळ्यांत वाटेच्या कडेला रांजण भरून ठेवण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. पाणपोई घालणारा मनुष्य पाणी पिणाराचें नांव विचारीत नाहीं, पैसा मागत नाहीं, आणि पुष्कळदां तो तेथें हजरहि नसतो. तहानेला वाटसरू येतो, पाणी पितो आणि आपल्या वाटेनें जातो. अलीकडे जगांत अनेक ठिकाणीं पुस्तकांच्या बाबतींत हीच रीत सुरू झाली आहे. कोणी आगगाडींत, कोणी बागेंतील बांकावर, कोणी खाणावळीच्या मेजावर पुस्तक ठेवून जातो. तें अनोळखी माणसानें उचलावें, वाचावें, आणि पुढें तिसऱ्यासाठीं ठेवून द्यावें, असा त्याचा हेतु असतो. ही रीत आपल्या खेड्यांत चालेल काय, आणि चालावयाची तर तिला काय काय लागेल, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे. विचार नेमका व्हावा म्हणून गडहिंग्लज तालुक्यांतील नेसरी हें गांव आम्ही डोळ्यांपुढें ठेविलें आहे. पण जेथें जेथें माणसें एस. टी. ची वाट पाहत बसतात, त्या प्रत्येक गांवास हा पाठ लागू आहे.

१. मागण्याची अडचण

कोणी म्हणेल कीं, वाचनालयें असतां हा नवा खटाटोप कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. वाचनालयांच्या बाबतींत आपला कोल्हापूर जिल्हा मागासलेला नाहीं. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालीं झाली. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि १९४५ सालीं ह्याच संस्थानांत सार्वजनिक ग्रंथालयांविषयींचा कायदा झाला. सबंध महाराष्ट्रासाठीं तसा कायदा होण्यास १९६७ साल उजाडलें. तेव्हां पुस्तकें सर्वांचीं असावींत ही कल्पना आपल्या मातींत नवी नाहीं.

परंतु वाचनालयास उंबरठा असतो. तेथें नांव लिहावें लागतें, अनामत भरावी लागते, उघडण्याच्या वेळीं जावें लागतें, आणि मुख्य म्हणजे चार माणसांदेखत पुस्तक मागावें लागतें. ज्यास ह्याची संवय आहे त्यास ही अडचण दिसत नाहीं. पण रोजगारावर जाणारी बाई, अक्षर अक्षर जुळवून वाचणारा म्हातारा, शाळा मध्येंच सुटलेला तरुण, ह्यांस तो उंबरठा उंच वाटतो. त्यांस कोणी मनाई केलेली नसते. तरी तीं आंत जात नाहींत. सार्वजनिक म्हटलेली वस्तु सर्वांस मिळतेच असें नाहीं, हें आपल्या लोकांस सांगावयास नको. महाडचें चवदार तळें नगरपालिकेनें सर्वांस मोकळें केलें असतांहि त्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. ज्यांच्या वाडवडिलांनीं ओंजळ धरून दुरून वाढलेलें पाणी घेतलें, त्यांस ‘मागितल्यावर मिळेल’ आणि ‘घ्या, तुमचेंच आहे’ ह्या दोन बोलण्यांतील अंतर चांगलें कळतें.

वाटेवर ठेवलेल्या पुस्तकाचा गुण हाच कीं, तें मागावें लागत नाहीं. म्हणून तें वाचनालयाचें प्रतिस्पर्धी नव्हे. वाचनालयाच्या उंबरठ्याबाहेर घातलेली ती एक पायरी आहे.

२. बागेंतील मुलगा

ह्या बाबतींत आपल्या महाराष्ट्रांत घडलेली एक गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ह्या शतकाच्या मागच्या शतकाचा आरंभ. मुंबईंत परळच्या चाळींत एका खोलींत राहणारा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसे. घरांत जागा नव्हती, म्हणून सार्वजनिक बाग हीच त्याची अभ्यासाची खोली. त्याच बागेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाचे एक शिक्षक व ग्रंथकार येत असत. वाचनांत गढलेला हा मुलगा त्यांनीं पाहिला, त्याची विचारपूस केली, आणि ते त्यास पुस्तकें देऊं लागले. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां त्याच्या सत्काराच्या सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें. पुढें पैशावांचून शिक्षण अडलें तेव्हां त्यास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेणारेहि तेच; महाराजांनीं दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आणि केळुसकरांनीं दिलेल्या त्या पुस्तकाच्या साह्यानें आपण बुद्धाकडे वळलों, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे.

ह्या गोष्टींतून दोन धडे निघतात. पहिला हा कीं, पुस्तक कोणाच्या हातीं पडेल व त्याचें पुढें काय होईल, हें देणारास आधीं कळत नाहीं. दुसरा धडा पहिल्याहून महत्त्वाचा आहे. केळुसकरांनीं पुस्तक बांकावर टाकून पाठ फिरविली नाहीं. देण्यांत त्यांनीं मालकी ठेविली नाहीं, पण काळजी ठेविली. आमच्या मतें ह्या सगळ्या विषयाचें सार एवढेंच आहे: पुस्तकावरची मालकी सोडावी; त्याची काळजी सोडूं नये.

३. गांवोगांव फिरणारी पेटी

सयाजीराव महाराजांचें नांव वर आलेंच आहे. त्यांनीं १९०६ सालीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळेंत शिकलेलीं अक्षरें पुस्तकावांचून टिकत नाहींत. चौथी झालेलें मूल गुरें राखावयास गेलें आणि पांच वर्षें त्याच्या दृष्टीस छापील कागद पडला नाहीं, तर शाळेवरचा खर्च फुकट गेला असेंच म्हटलें पाहिजे. म्हणून १९१० सालीं महाराजांनीं विल्यम बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणिलें, आणि त्यांच्या देखरेखीखालीं राज्यांत ग्रंथालयांचें जाळें उभें राहिलें. ज्या खेड्यांत वाचनालय नव्हतें तेथें लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून पाठवूं लागले. एका गांवीं वाचून झालीं कीं पेटी परत येई व दुसरी जाई.

आपल्या काळांतहि ही पेटी थांबलेली नाहीं, आणि येथें नेसरीचा एक सुंदर संबंध येतो. नेसरीच्या खिंडींत २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले व तेथेंच पडले. ह्या सात वीरांवर कवि कुसुमाग्रजांनीं रचलेलें गीत घरोघर पोंचलें आहे. त्याच कवीच्या नांवानें नाशिक येथें चालणाऱ्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें २००९ सालापासून ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ ही योजना चालविली आहे. श्री. विनायक रानडे हे तिचे प्रवर्तक. निवडक मराठी पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटास दिली जाते, कांहीं महिन्यांनीं ती दुसऱ्या गटाच्या पेटीशीं बदलतात, आणि खर्च लोकांच्या देणग्यांतून चालतो. ह्या पेट्या तुरुंगांत गेल्या, रुग्णालयांत गेल्या, आणि दुबईसारख्या दूरच्या ठिकाणच्या मराठी कुटुंबांसहि पोंचल्या. नेसरीच्या वीरांस ज्यानें शब्द दिले, त्याच्या नांवाची पेटी जर समुद्रापलीकडे जाते, तर नेसरीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एक पेटी फिरविणें अशक्य कां असावें?

४. भिलारचें उदाहरण

सातारा जिल्ह्यांत पांचगणीहून महाबळेश्वरास जातांना भिलार हें गांव लागतें. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांबद्दल तें प्रसिद्ध होतें. वेल्स देशांतील हे-ऑन-वाय ह्या पुस्तकांच्या गांवाचें उदाहरण पाहून महाराष्ट्र सरकारनें ४ मे २०१७ रोजीं भिलार हें ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून सुरू केलें. मात्र दोहोंत मोठा फरक आहे. वेल्समधील तें गांव जुन्या पुस्तकांच्या दुकानांचें. तेथें पुस्तक विकत घ्यावें लागतें. भिलारास पुस्तकें विक्रीसाठीं नाहींत, कोणाहि वाटसरूनें बसून वाचण्यासाठीं आहेत.

आरंभीं गांवांतील २५ जागा निवडल्या व त्यांत सुमारें १५,००० पुस्तकें ठेविलीं. ह्या जागा म्हणजे सरकारी इमारती नव्हेत. बहुतेक रहिवाशांचीं घरें, कांहीं निवासगृहें, शिवाय देऊळ व शाळा. एका घरीं कथा, दुसऱ्या घरीं कादंबऱ्या, कोठें कविता, कोठें संतवाङ्मय, कोठें चरित्रें, कोठें मुलांचीं पुस्तकें, अशी वांटणी केली. पुस्तकें व कपाटें राज्य मराठी विकास संस्थेकडून आलीं; जागा आणि आतिथ्य गांवकऱ्यांचें. पुढें अशीं आणखी गांवें करण्याचें सरकारनें ठरविलें. सांगली जिल्ह्यांतील अंकलखोप हें त्यांपैकीं एक.

भिलारचें यश पुस्तकांच्या संख्येंत आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पुस्तकें कोठेंहि जमवितां येतात. अनोळखी मनुष्य ओसरीवर येऊन बसेल, आपलें पुस्तक हाताळील, आणि कदाचित् पाणीहि मागेल, हें गांवकऱ्यांनीं कबूल केलें, हीच तेथील खरी गोष्ट आहे. पुस्तकासाठीं कपाट लागतें. पण त्याआधीं दार उघडें लागतें.

५. दूरदेशींची रीत

परदेशांत ह्या रीतीचे निरनिराळे प्रकार झाले. १९०८ सालीं अमेरिकेच्या मॉन्टाना प्रांतांत सुपीरियर नांवाच्या गांवीं एका हॉटेलच्या खोल्यांत गिडियन मंडळींनीं पवित्र शास्त्राच्या प्रती प्रवाशांसाठीं ठेविल्या. पुढें ती रीत जगभर पसरली. २००१ सालीं अमेरिकेंतच ‘बुकक्रॉसिंग’ सुरू झालें. त्यांत प्रत्येक पुस्तकास एक क्रमांक देतात व तें सार्वजनिक जागीं सोडतात. सांपडेल त्यानें इंटरनेटवर तो क्रमांक घालून पुस्तक कोठें मिळालें तें कळवावें, म्हणजे पुस्तकाचा प्रवास मूळ मालकास कळतो. अर्थात् पुष्कळ पुस्तकांचा पत्ता पुन्हां लागत नाहीं, आणि सोडणारे तें आधींच गृहीत धरतात. २०१२ पासून लंडनच्या भुयारी आगगाडींत, व २०१७ पासून दिल्लीच्या मेट्रोंत, हौशी वाचकांनीं प्रवाशांसाठीं पुस्तकें ठेवण्यास आरंभ केला.

ह्यांत खेड्यास सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे टॉड बोल ह्या गृहस्थांचा. २००९ सालीं अमेरिकेंतील हडसन गांवीं त्यांनीं आपल्या शिक्षिका आईच्या स्मरणार्थ शाळेच्या आकाराची एक लहान पेटी केली, ती खांबावर बसवून घरापुढें उभी केली, आणि आंत पुस्तकें ठेविलीं. एक घ्या, जमल्यास एक ठेवा, एवढाच नियम. आज अशा पेट्या शंभराहून अधिक देशांत असून त्यांची संख्या लाखावर गेली आहे. ह्या पेटीचा विशेष असा कीं, ती कोणाच्या तरी घरापुढें असते. रस्त्याची आहे, पण बेवारशी नाहीं.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप चोरीचा. पुस्तक कोणी घरीं नेऊन ठेवील, त्याचें काय? आमचें उत्तर असें कीं, ज्यावर मालकी ठेविली नाहीं त्याची चोरी होत नाहीं. घरीं नेऊन वाचलें तर हेतु साधला. न वाचतां फळीवर ठेविलें तरी त्या घरांतील मूल एखाद्या दिवशीं तें उघडण्याचा संभव आहे. रद्दींत विकलें तर मात्र नुकसान झालें. पाणपोईवरचा पेलाहि कधीं कधीं नाहींसा होतो. म्हणून कोणी पाणपोई बंद करीत नाहीं, दुसरा पेला आणितो.

दुसरा आक्षेप फुकटाचा. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, असें जुने लोक म्हणत. जत्रेंत पुस्तकें विकणारे आमचे कोलपोर्तर ह्याच कारणास्तव लहानशा पुस्तकाचाहि एखादा पैसा घेत. ह्यांत तथ्य आहे, पण तें कोठें लागू पडतें तें पाहिलें पाहिजे. इच्छा नसतां हातांत कोंबलेला कागद माणूस पुढच्या वळणावर टाकतो. स्वतः शोधून, चाळून, निवडून उचललेल्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तेथें पैसा दिलेला नसतो. पण निवड केलेली असते, आणि निवड हीहि एक किंमतच आहे.

तिसरा आक्षेप हेतूचा, आणि तो आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. लोक विचारतील, ‘हीं माणसें पुस्तकें कां ठेवतात? ह्यांत कांहीं डाव तर नाहीं?’ म्हणून आमची आग्रहाची सूचना अशी आहे कीं, पेटींत जें असेल तें उघड असावें. धर्माचें पुस्तक ठेवावयाचें असेल तर तें तसें दिसेल असें ठेवावें. गोष्टींच्या पुस्तकांत लपवून ठेवूं नये, आणि इतरांस त्यांचीं पुस्तकें ठेवण्यास मनाई करूं नये. पाण्याच्या निमित्तानें वाटसरूस अडकवून ठेवणारी पाणपोई कोणास नको असते.

७. नेसरीस काय करतां येईल

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम जागा. पुस्तक तेथें ठेवावें जेथें माणूस रिकामा बसतो. एस. टी. स्थानक, दवाखान्याची ओसरी, पिठाची गिरणी, केस कापण्याचें दुकान, दूध संस्था, रास्त भावाचें दुकान, हीं सर्व वाट पाहण्याचीं ठिकाणें आहेत. दळण होईपर्यंत गिरणीवर बसलेल्या बाईस लहानशी गोष्ट वाचून होते. प्रतापराव गुजरांच्या स्मारकास येणाऱ्यांसाठीं शिवकालीन इतिहासाचीं दोनचार पुस्तकें असतील तर तीं नेमक्या जागीं पडतील. मात्र जागा कोणाचीहि असो, त्यांची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधीं घ्यावी.

दुसरी पेटी. आपल्याकडचा पाऊस लक्षांत घेऊन ती छपराखालींच ठेवावी. वर उतरता पत्रा, पुढें कांच, आणि जमिनीपासून कमरेइतकी उंची असावी, म्हणजे ओल व वाळवी लागत नाहीं आणि मुलांचा हात पोंचतो. कुलूप लावूं नये. आंत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, आणि पावसाळ्यांत उघडीप पडेल तेव्हां पुस्तकांस ऊन द्यावें.

तिसरी पुस्तकें. येथें बहुतेकांचा हात आंखडतो. घरांतील फाटकीं गाइडें, जुन्या परीक्षांचे कागद, आपणांस नकोसें झालेलें सगळें दान म्हणून देण्याची वृत्ति असते. जें आपण पाहुण्यास वाढणार नाहीं तें वाटसरूस वाढूं नये. ठळक टाइपाचीं, आटोपशीर प्रकरणांचीं पुस्तकें प्रथम घ्यावीं: गोष्टी, चरित्रें, शेती व जनावरांचे रोग, बाळबाळंतिणीची निगा, सातबारा व वारसा ह्यांची सोप्या भाषेंतील माहिती, आणि लहान मुलांचीं चित्रांचीं पुस्तकें. हा मुलूख सीमेवरचा आहे. कानडी वाचणारे वाटसरूहि येतात, तेव्हां दोन पुस्तकें कानडी असावीं. मुंबईस असलेल्या आपल्या माणसांनीं सणास येतांना मिठाईबरोबर एक पुस्तक आणावें. आरंभास वीस चांगलीं पुस्तकें पुरे आहेत.

चवथी सूचना पहिल्या पानाची. ज्यास कोणी कधीं पुस्तक आपणहून दिलें नाहीं, तो तें उचलतांना बिचकतो. त्याचा संकोच जावा म्हणून आंत स्वच्छ अक्षरांत लिहावें: हें पुस्तक येथें विसरलेलें नाहीं, आपल्यासाठीं ठेविलें आहे, वाचा, आणि झाल्यावर येथें किंवा दुसऱ्या वाचकाकडे द्या. खालीं देणाराचें नांव नसलें तरी चालेल.

शेवटची गोष्ट सांभाळ करणाराची. पेटी उभी राहते त्या दिवशीं नारळ फुटतो, फोटो निघतो. आणि पुढच्या पावसाळ्यांत आंत कोळ्यांचीं जाळीं दिसतात. हें टाळावयाचें तर दोन माणसें नेमावीं. त्यांनीं दर आठवड्यास पेटी पुसावी, फाटलेलें चिकटवावें, रिकामी जागा भरावी. पुस्तकें मोजावीं तीं चोर धरण्यासाठीं नव्हे, तर काय वाचलें जातें व काय तसेंच पडून राहतें, तें कळावें म्हणून. आणि ज्यास वाचतां येत नाहीं अशा एखाद्यास आठवड्यांतून एकदां वाचून दाखवावें. प्रेषितांच्या कृत्यांत रथांत बसून वाचीत जाणारा एक परदेशी अधिकारी आहे. पुस्तक त्याच्या हातांत होतें, वाट मोकळी होती; तरी अर्थ उलगडून सांगणारा सोबती त्यास मिळाला तेव्हांच त्याचें वाचन पुरें झालें. आपल्याहि वाटेवर असे पुष्कळ आहेत.

रांजण एकदां भरून पाणपोई होत नाहीं. ती रोज भरावी लागते. नेसरीस पहिलें पुस्तक ठेवणारा सहज मिळेल. एकविसावें कोण ठेवील, ह्याची तजवीज आधीं करावी आणि मग पेटीस हात घालावा.

चर्चेकरितां प्रश्न

१. आपल्या गांवांत वाचतां येतें पण वाचनालयांत जात नाहींत, अशीं माणसें कोण? तीं कां जात नाहींत?

२. केळुसकरांनीं विद्यार्थी भीमरावास पुस्तक देण्यापूर्वीं काय केलें? तें आपणांस कोठें करतां येईल?

३. भिलारचीं पुस्तकें जागेवरच वाचावयाचीं, आणि पेटींतलीं पुस्तकें घेऊन जावयाचीं. आपल्या गांवास ह्यांपैकीं कोणती रीत सोईची, आणि कां?

४. स्वतःच्या घरांतील असें एक पुस्तक निवडा कीं, जें देतांना थोडें जड वाटेल. तें कोणत्या जागीं ठेवाल?

५. पुढील सहा महिने पेटीची निगा राखण्यास कोणतीं दोन माणसें तयार आहेत? त्यांचीं नांवें ह्याच सभेंत लिहून घ्या.